कच्चे लिंबू

बुरोंडीच्या किनाऱ्यावरचे फुटबॉलचे मैदान दिवसातून दोनदा तयार होते आणि दोनदा मोडते. ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. मुले त्याच्या दोन्ही टोकांना चपला मांडून गोल करतात आणि खेळ सुरू होतो. भरतीचे पाणी गोलात शिरले की सामना संपला. कोणावर किती गोल झाले ह्याचे भांडण घरच्या वाटेवर. गावाजवळच्या उंचवट्यावर परशुरामाचा मोठा पुतळा आहे, आणि तो पाहायला हल्ली पर्यटक गाड्या भरभरून येतात. त्याने बाण मारून समुद्र मागे सारला आणि ही भूमी मिळवली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या खटाटोपात मुलांसाठी एखादे मैदान तेवढे जास्तीचे मिळवायला काय हरकत होती, असे माझ्या मनात पुष्कळदा येते.

मी ह्या मैदानावर उतरलो तो शिकवायला. नोकरी संपवून गावी परतलेल्या शाळामास्तराला शिकवण्यावाचून दुसरे काही येत नसते, आणि न शिकवता गप्प बसणे तर मुळीच येत नसते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा आपल्या देशात भरली. तिच्या आधी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी सरकारने योजना केली आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले. त्यानंतर ह्या खेळाचे वारे आमच्याकडेही थोडे वाहू लागले. चेंडू टिकत नाही, खाऱ्या पाण्याने त्याची शिवण उसवते. पण एक फुटला की कुठून तरी दुसरा येतो. मी गावी आलो तेव्हा मुले रोज खेळत होती. मजेत खेळत होती. पण फुटबॉल म्हणावा असे त्यात फार थोडे होते. जिथे चेंडू तिथे वीस पोरे, गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी. माझ्यातला मास्तर जागा झाला.

पहिल्या दिवशी मी त्यांना समोरासमोर दोन रांगांत उभे केले. चेंडू बोटांनी हाणायचा नाही, पायाच्या आतल्या बाजूने ढकलायचा. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी हवा. येणारा चेंडू अडवताना पाय ताठ ठेवायचा नाही, चेंडू लागता लागता किंचित मागे घ्यायचा, म्हणजे तो उसळून दूर जात नाही. वरून पडणारे अंडे झेलताना आपण हात खाली नेतो, तसे. हे सारे मी शाळेत असताना शिकलो होतो आणि ते खरे आहे. पहिल्या दिवशी बावीस मुले होती. आठवड्याने चौदा झाली, पंधरवड्याने नऊ. बाकीची पलीकडे रबरी चेंडूने आपला जुना धुडगूस घालीत होती, आणि माझ्या रांगेतले नऊ जण मान वळवून तिकडेच पाहत होते. “सर, मॅच कधी?” हा एकच प्रश्न त्यांना माझ्याकडून सुटायला हवा होता.

अशा वेळी शहाणी माणसे जी तडजोड करतात ती मीही केली. अर्धा तास धडे, अर्धा तास सामना. मुले परत आली. सगळ्यांना बरे वाटले, मलाही. पण रात्री पडल्या पडल्या विचार करताना ह्या तडजोडीतली खोट दिसू लागली. काढ्यावर गुळाचा खडा द्यावा तसा मी सामना देत होतो. म्हणजे धडा हा काढा आहे, ही गोष्ट मीच मुलांना पटवून देत होतो. आणि सामना? तो तर त्यांचा होता, माझ्या येण्याच्या आधीपासून त्यांचा. त्यांच्याच घरचा गूळ मी त्यांना बक्षीस म्हणून देत होतो.

मुलांना खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा पेच पडत असला पाहिजे. आनंद किती आणि पाया किती? हा प्रश्न प्रमाणाचा आहे असे धरून चालले की उत्तरे सोपी होतात. लहान वयात आनंद जास्त, मोठेपणी पाया जास्त. सुटीच्या दिवशी हे, शाळेच्या दिवशी ते. पण मला वाटते, प्रश्न निराळाच आहे. दुसऱ्याच्या खेळात शिरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा तो प्रश्न. मुले पोट भरण्यासाठी खेळत नाहीत, मार्कांसाठी खेळत नाहीत. सगळ्या दिवसात तेवढा एकच तास असा असतो की ज्याला ‘कशासाठी?’ असे विचारता येत नाही. आपण शिट्टी घेऊन उभे राहिलो की पहिली गोष्ट घडते ती ही, की त्या तासाला ‘साठी’ चिकटते. पुढच्या वर्षासाठी, स्पर्धेसाठी, शिस्तीसाठी.

आपल्याकडे ह्या निर्हेतुक क्रीडेला केवढा मान दिला आहे! जग का निर्माण झाले, ह्या प्रश्नाशी ब्रह्मसूत्रे येतात तेव्हा ती लीलेचा दृष्टान्त देतात. ज्याच्या साऱ्या इच्छा पुरल्या आहेत असा एखादा राजा जशी काही हेतू मनात न धरता क्रीडा करतो, तशी ही सृष्टी, असे शंकराचार्यांनी त्याचे स्पष्टीकरण केले. हुइझिंगा ह्या डच इतिहासकाराने १९३८ साली एक ग्रंथच लिहून खेळ हा संस्कृतीच्याही आधीचा, असे प्रतिपादन केले. हे वाचले की मास्तराने शिट्टी खिशात घालून घरी जावे असे वाटते. मी तसे करणारच होतो.

पण जायच्या आधी आणखी एक पुस्तक आठवले. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली इसापाच्या नाकतोड्याला नायक करून ते लिहिले. मुंगी आणि नाकतोडा ह्यांच्या गोष्टीत आपण सारे मुंगीच्या बाजूचे. ह्या गृहस्थाने नाकतोड्याची बाजू घेतली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की खेळ म्हणजे आपणहून पत्करलेली अनावश्यक अडचण. चेंडू दोन चपलांच्या पलीकडे नेणे हे काही अवघड काम नाही. काखेत घ्यावा आणि चालत जावे. पण हाताने न्यायचा नाही असे आपण ठरवतो आणि तिथे फुटबॉल जन्माला येतो. हे एकदा ध्यानात आले की माझ्या प्रश्नाचे दोन तुकडे पुन्हा जवळ येतात. अडचण हाच जर आनंदाचा उगम असेल, तर त्या अडचणीशी झुंजण्याची रीत, म्हणजे पाय मागे घेऊन चेंडू अडवणे, ही आनंदाच्या बाहेरची वस्तू असू शकत नाही. ती आनंदाच्या आतच कुठे तरी आहे. मग मुले तोंड का फिरवतात? अडचण त्यांना भेटण्याआधीच मी तिचे उत्तर देतो म्हणून. तहान नसलेल्याला तांब्या भरून दिला, तर तो पाणी ओतून टाकणारच.

इथवर माझा विचार छान चालला होता. तो एका मुलाने मोडला.

वयाने दहा-अकराचा, अंगाने किरकोळ, धावताना एक खांदा पुढे टाकून धावणारा. माझ्या रांगा ओसरत नवावर आल्या तेव्हा ज्यांनी एकदाही पलीकडे पाहिले नाही असा तो एकटा होता. त्याला धडे आवडत. “सर, आता मॅच” असा गलका झाला की त्याचा चेहरा उतरे. मला वाटले, सालस पोर आहे, शिकण्याची आवड आहे. मास्तरांना अशी मुले फार आवडतात आणि म्हणूनच ती त्यांना कळत नाहीत. एकदा सामन्याच्या वेळी मी त्याच्यावरच नजर ठेवली. तीस-पस्तीस मिनिटांत चेंडू त्याच्या पायाशी एकदाही आला नाही. कोणी त्याच्याकडे ढकलला नाही, ढकलणारही नव्हते. तो नुसता इकडून तिकडे धावत होता. आणि मधूनमधून, आपणही खेळत आहोत हे दिसावे म्हणून, हात वर करीत होता. रांगेत मात्र पाळी येते. रांगेत समोरच्याला चेंडू त्याच्याकडे ढकलावाच लागतो. माझा कंटाळवाणा धडा हा त्याच्या दिवसातला एकमेव खेळ होता.

मुलींचेही तेच. त्या खडकांवर बसून पाहत असत. सामन्यात त्यांना कोणी बोलावले नाही आणि त्याही गेल्या नाहीत. पण मी रांगा लावल्या तेव्हा तिघी-चौघी न बोलावता येऊन शेवटी उभ्या राहिल्या. रांगेला शेवट असतो, तिथे उभे राहता येते. मोकळ्या खेळाला तसे दार नसते.

तेव्हा मला कळले की आनंद, आनंद म्हणून मी ज्याची एवढी बाजू घेत होतो, तो आनंद त्या वाळूवर सर्वांना सारखा वाटलेला नव्हता. पाच-सहा धट्टीकट्टी पोरे तो लुटत होती आणि बाकीची त्यांच्या मागे धावत होती. लीला ही ज्याला काही उणे नाही त्याची. ज्याच्याकडे चेंडूच येत नाही त्याला सगळेच उणे असते. त्याने कसली लीला करावी?

आपल्या मुलांनी ह्यावर एक तोड फार पूर्वी काढून ठेवली आहे. लपंडाव, पकडापकडी, लंगडी, कोणताही खेळ घ्या. धाकटे भावंड पाठीस लागले, त्याला सोडून जाता येत नसले, की ते ‘कच्चे लिंबू’ होते. त्याने खेळायचे, पळायचे, ओरडायचे. पण ते पकडले गेले तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. (ज्याच्यावर सगळ्यांना शोधत हिंडण्याची पाळी येते त्याच्यावर ‘राज्य’ आले असे मुले म्हणतात. ह्या शब्दात जी राजनीती आहे ती पुष्कळ मोठ्या माणसांना उमगलेली नाही.) कच्चे लिंबू ही आपल्या अंगणांतली एक थोर संस्था आहे. कोणी नियम लिहिला नाही, कोणी ठराव केला नाही. १९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम बांधले गेले, त्यांत कच्च्या लिंबाला जागा असण्याचे कारण नव्हते. पण अंगणात ती होती आणि अजून आहे. दुबळ्याला बाहेर काढायचे नाही, हे आमची पोरे उपदेशावाचून शिकली.

आणि तरीही ज्याने कोणी कच्चे लिंबू म्हणून चार दिवस काढले आहेत, त्याला त्यातले दुःख विचारावे. मी काढले आहेत. पहिल्या दिवशी आपण अजिंक्य आहोत असे वाटते. तिसऱ्या दिवशी कळते की आपल्याला कोणी पकडतच नाही. आपल्याकडे धावून येण्यात कोणालाच अर्थ नसतो. बाद होता येणे हा केवढा मान आहे, हे बाद न होणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या किनाऱ्यावरचा तो मुलगा वयाने दहा-अकराचा असून कच्चे लिंबूच राहिला होता, आणि त्याला ते कोणी सांगितलेही नव्हते.

ह्याच दापोली तालुक्यातल्या पालगडची एक गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला जायच्या भीतीने श्याम लपून बसतो आणि आई त्याला शोधून, मारून विहिरीवर पाठवते. लहानपणी ते प्रकरण वाचताना मला आईचा राग येत असे. मोठेपणी समजले की आपल्या मुलाला जगाने भित्रा म्हणावे, त्याने सदा काठावर उभे राहावे, हे तिला सोसत नव्हते. त्याने कच्चे लिंबू राहू नये, एवढेच तिला हवे होते. पण म्हणून फुटबॉल शिकवणाऱ्याने हातात शिंपटी घ्यावी असे नाही. पाण्यात माणूस बुडतो. चेंडू अडवता आला नाही म्हणून कोणी बुडत नाही. शिवाय मारून झाल्यावर रात्री जवळ घ्यायला आई असते. मास्तर संध्याकाळी आपल्या घरी जातो.

सक्तीची मुभा नाही आणि सोडून देण्याचीही नाही, अशा जागी मी उभा होतो. कोल्हापूरच्या लोकांना ह्यात काही अवघड वाटणार नाही. तिथे फुटबॉलचे संघच तालमींचे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तांबड्या मातीतला शब्द त्यांनी सरळ शाहू स्टेडियमवर नेला आणि खेळ व तालीम ह्यांत भेदच ठेवला नाही. सामन्याच्या दिवशी पेठा ओस पडतात. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा २०१७ च्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. अशा मुलाला पाया कच्चा ठेवून चालत नाही. त्याच्या बाबतीत कठोरपणा ही दयाच आहे. पण लाखात एकाला लागणारे औषध उरलेल्यांना पाजण्याची आपल्याला हौस फार. नागपूरच्या विजय बारसे ह्यांनी २००१ साली झोपडपट्टीतली मुले पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली. त्यांची गोष्ट पुढे ‘झुंड’ चित्रपटातून घरोघर गेली. मला तिच्यात मोलाचे वाटते ते हे की त्यांनी मुलांना आधी धडा दिला नाही, चेंडू दिला.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून हे सारे लिहिणे म्हणजे नुसती बडबड ठरेल.

त्या मुलाला मी मनापासून शिकवले. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे आमची वेळही सरकत असे; कधी पहाटे उजाडता उजाडता, कधी दुपारच्या उन्हात. तो कधी चुकला नाही. दीड-दोन महिन्यांत तो चेंडू असा अडवू लागला की पाहत राहावे. वेग नव्हता, ताकद नव्हती; पण आलेला चेंडू त्याच्या पायाशी मांजरासारखा बसे. मग तालुक्याच्या ठिकाणी एक सामना ठरला. अकरा मुले निवडायची होती. मी जोरकस अकरा निवडली. त्याला बदली खेळाडूंत घेतले आणि पुरा वेळ काठावर बसवून ठेवले. दोन गोलांनी मागे पडल्यावर तर त्याला उतरवण्याचा विचारही मनात आला नाही. आम्ही हरलो. जिंकलो असतो तर बहुधा मला ह्यात काही चुकले असे वाटलेच नसते, आणि ही गोष्ट हरण्यापेक्षा जास्त लाजिरवाणी आहे. परत येताना त्याने सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून पिशवीत भरल्या.

नंतर तो यायचा थांबला. आठ-दहा दिवस वाट पाहून मी त्याच्या घरी गेलो. आई-बाप बंदरावर होते. आजी ओट्यावर मासळी निवडत बसली होती. तिने मला बस म्हटले, पाणी दिले आणि हातातले काम न थांबवता विचारले, “मास्तर, खेळवायचं नव्हतं तर शिकवलंत कशाला त्याला?”

मी उत्तर जुळवू लागलो. शिकणे स्वतःसाठीच असते, सामना म्हणजे सर्वस्व नव्हे, पुढच्या वर्षी पाहू. चाळीस वर्षे पालकांना दिलेली उत्तरे होती ती, तोंडपाठ. म्हातारीच्या समोर त्यातले एकही ओठांबाहेर पडेना. तिचा प्रश्न सरळ होता. शिकवणे म्हणजे वचन देणे. ‘तू एवढे कर, म्हणजे तू आमच्यातला,’ असे मी त्या पोराला रोज, शब्दांवाचून, सांगत होतो. त्याने आपल्या वाटचे केले. माझ्या वाटचे मी केले नाही. ज्याला काही शिकवलेले नाही अशा मुलाला काठावर बसवले तर त्याला वाईट वाटते. शिकवलेल्याला बसवले तर त्याची फसवणूक होते. मजा आणि पाया ह्यांचा तोल कसा राखावा, ह्याचा मी महिनोन् महिने विचार केला होता. पाया घालून घर न बांधणे ह्याला काय म्हणतात, ह्याचा केला नव्हता.

त्यानंतर मी जे केले ते फार थोडे आहे. लांब रांगा मोडल्या. वीस मुलांचा एक सामना बंद करून चार-चार जणांचे लहान लहान सामने लावले. गोली नाही, मैदान वीस पावलांचे. चौघांत कोणाला लपता येत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही. चेंडू प्रत्येकाकडे येतोच आणि आला की अडचण येते. मग मुले स्वतःच थांबून विचारतात की हा उसळून जातो तो का. तेव्हा मी पाय मागे घ्यायला सांगतो, दहा वेळा करून घेतो, आणि ती कुरकुर करीत नाहीत. खडकावरच्या मुलींतल्या दोघी नेमाने येतात. तिसरीला घरून परवानगी नाही. तिच्या घरी जायचे आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. तिथल्या मुलांशी खेळत खेळत शिकवताना त्यांनी व अनुताई वाघांनी केवढा धीर धरला असेल, ह्याची थोडीशी कल्पना मला ह्या वयात येऊ लागली आहे.

पण पुढच्या सामन्याला पुन्हा अकराच मुले न्यायची असतील आणि चौदा आलेली असतील. ते गणित मला अजून सुटलेले नाही. सगळ्यांना थोडा थोडा वेळ उतरवीन, असे म्हणतो खरा. दोन गोलांनी मागे असताना म्हणू शकेन का, हे त्या दिवशी कळेल.

तो मुलगा वीस-बावीस दिवसांनी परत आला. मी बोलावले म्हणून नव्हे. चौघांत एक कमी पडत होता, म्हणून पोरांनीच त्याला घरातून ओढून आणला. परवाची गोष्ट. पौर्णिमा जवळ आलेली, उधाणाचे पाणी, भरती नेहमीपेक्षा जोरात चढत होती. त्याच्याकडे जोरात आलेला चेंडू त्याच्या पायाखालून निसटला आणि थेट लाटेत गेला. “आंधळा आहेस काय रे?” जोडीदार त्याच्या अंगावर ओरडला. तो गप्प बसला नाही. “तुझाच पास वाकडा!” तो त्याहून मोठ्याने ओरडला. दोघेही चेंडूमागे गुडघाभर पाण्यात शिरले, तो हाती लागेपर्यंत भांडत होते आणि तो घेऊन परत येतानाही भांडत होते. मी शिट्टी वाजवली नाही. तोवर पाणी चपलांपर्यंत आले होते.